पीटर कॉलिन्स: बेल व्ह्यूचा, बाहेरच्या लाइनचा

गॉर्टनवासी (धागालेखक)

इंग्लंडच्या पीटर कॉलिन्सचं नाव निघालं की स्पीडवेतल्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींतल्या, आकड्यांची आवड असणारे एका ओळीत विषय मिटवतात: विश्वविजेता, १९७६, एकदा. त्याच्याच जमान्यात न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर सहा वेळा जिंकला, डेन्मार्कचा ओले ऑल्सेन तीन वेळा. मग कॉलिन्स कुठे बसतो? मला हा हिशोबच अपुरा वाटतो. मँचेस्टरला आल्यापासून मी स्पीडवे बघतोय आणि इथल्या जुन्या प्रेक्षकांशी गप्पा मारतोय. सत्तरच्या दशकात बेल व्ह्यू संघाच्या हाइड रोड स्टेडियममध्ये कठड्याशी उभं राहून ज्यांनी शर्यती पाहिल्या, त्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते 'पीसी'चं. मॉगरचं त्यानंतर. असं का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळ समजून घेऊ, कारण आपल्याकडे फार कुणी तो पाहिलेला नसेल. चार स्वार, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळत. साधारण मिनिटभरात निकाल. गाडी ५०० सीसी, एकच सिलिंडर, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, शर्यतभर एकच गिअर. ब्रेक नाहीत. पुढेही नाहीत, मागेही नाहीत. वळणापाशी मागचं चाक बाहेर सटकवायचं, हँडल उजवीकडे फिरवायचं, डाव्या पायाचा पोलादी तळाचा बूट जमिनीवरून घासत न्यायचा आणि त्या अवस्थेत थ्रॉटल उघडा ठेवायचा. गाडीचं पुढचं चाक उजवीकडे बघतं आणि गाडी जाते डावीकडे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही.

आता मातीबद्दल, कारण कॉलिन्सचं सगळं मोठेपण मातीत आहे. ब्रिटनमधल्या ट्रॅकवर शेल नावाच्या खडकाचा लालसर चुरा पसरलेला असतो. प्रत्येक शर्यतीत मागची चाकं तो बाहेर उडवतात. काही शर्यती झाल्या की आतली कड टणक आणि गुळगुळीत होते, सुटी माती कठड्याच्या बाजूला साठते. आतून गेलं तर अंतर कमी, पण चाकाला पकड नाही. बाहेरून गेलं तर अंतर जास्त, पकड भरपूर, आणि उजव्या हाताला कठडा. म्हणून बरेचसे स्वार सुरुवातीची फीत वर गेल्या गेल्या पुढे निघायचं, आतली लाइन धरायची आणि मागच्याला वाट द्यायची नाही, एवढ्यावर सामने जिंकतात. कॉलिन्सला ते जमत नव्हतं असं नाही. पण तो मागे राहिला तर प्रेक्षक निराश व्हायचे नाहीत, उलट पुढे सरसावायचे. तो कठड्याजवळच्या मातीत गाडी घालायचा, सगळे थ्रॉटल जरा सैल करतात तिथे उघडा ठेवायचा आणि सरळ पट्ट्यावर येईपर्यंत एक-दोघांच्या पुढे असायचा.

हाइड रोड त्यासाठी योग्य जागा होती. बेल व्ह्यू हे मँचेस्टरच्या पूर्वेकडचं मोठं करमणूक केंद्र: प्राणिसंग्रहालय, जत्रा आणि शेजारी स्पीडवेचं स्टेडियम. ट्रॅक जवळपास ३८० मीटरचा, रुंद आणि वेगवान. शनिवारी संध्याकाळी सामने व्हायचे. कॉलिन्स या परिसरातलाच, जन्म १९५४ चा. गवताळ मैदानांवरच्या मोटरसायकल शर्यतींतून तो आला, १९७१ मध्ये खालच्या विभागातल्या रॉचडेलकडून खेळला आणि तिथून बेल व्ह्यूच्या 'एसेस' संघात. मग १९८६ पर्यंत तो तिथेच राहिला. ब्रिटिश लीगमध्ये हे सोपं नाही. मोठ्या स्वारांची संघांमध्ये ने-आण चालूच असते.

गवतावरचं शिक्षण त्याच्या शैलीत कायम दिसायचं. तिथे मैदान कधीच सारखं नसतं, खड्डे असतात, ओल असते, त्यामुळे हाताखाली गाडी नाचली तरी तो घाबरत नसे. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटिश लीग रायडर्स चॅम्पियनशिप त्याने जिंकली. त्या स्पर्धेत लीगमधल्या प्रत्येक संघाचा सर्वोत्तम स्वार उतरायचा, आणि त्या काळी ब्रिटिश लीग म्हणजे जगातले जवळपास सगळे मोठे स्वार. १९७३ मध्ये ग्रेट ब्रिटनकडून त्याने सांघिक विश्वचषक जिंकला तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

मग १९७६. पोलंडमधल्या होझूफचं श्लोन्स्की स्टेडियम, लाखाच्या घरातली गर्दी. तेव्हा जगज्जेतेपद एका संध्याकाळी ठरायचं. १६ स्वार, २० शर्यती, प्रत्येकाला पाच संधी, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ. कॉलिन्सने १५ पैकी १४ गुण घेतले. इंग्लंडचाच माल्कम सिमन्स १३ गुणांवर दुसरा, ऑस्ट्रेलियाचा फिल क्रंप तिसरा. इंग्लंडला १४ वर्षांनी विश्वविजेता मिळाला. त्याआधीचा, १९६२ चा, पीटर क्रेव्हन. तोही बेल व्ह्यूचाच. क्रेव्हनवर वेगळं लिहायला हवं, कुणी विचारलं तर खाली लिहीन.

माझ्या मते मात्र कॉलिन्सचं सर्वोत्तम वर्ष १९७६ नव्हे, १९७७. सिमन्सच्या जोडीने त्याने जागतिक जोडी स्पर्धा जिंकली, तीही हाइड रोडवर, घरच्या प्रेक्षकांसमोर. इंग्लंडने पोलंडमधल्या व्रोत्सवाफला सांघिक विश्वचषक जिंकला, त्यात तो होता. आणि वैयक्तिक अंतिम स्पर्धा गोथेनबर्गला होती, तिच्या काही आठवडे आधी त्याचा पाय मोडला. तो तरीही उतरला. पावसाने ट्रॅकचा चिखल झालेला. तिथे तो मॉगरच्या मागे दुसरा आला, फक्त एका गुणाने. ज्या खेळात सगळा तोल पायावर असतो, त्यात मोडक्या पायाने एका गुणाने हरणं माझ्या लेखी कित्येक विजेतेपदांपेक्षा मोठं आहे.

मतं वेगळी असतील तर जरूर मांडा.

---

रनआउट

छान ओळख. हा खेळ मला पूर्ण नवा आहे, मातीचा भाग तर फार आवडला. पण मूळ मुद्दा पटला नाही. मॉगर १९६८, ६९, ७०, ७२, ७७ आणि ७९ असा बारा वर्षांच्या काळात जिंकत राहिला. एका चांगल्या संध्याकाळी कुणीही जिंकू शकतो, सहा वेळा जिंकायला वेगळी ताकद लागते. प्रेक्षकांना कोण आवडतो हा एक प्रश्न आणि कोण श्रेष्ठ हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकात घालताय.

---

किकर

वाचता वाचता थांबलो ते इंजिनापाशी. ५०० सीसी सिंगल म्हटल्यावर डोळ्यांसमोर बुलेट आली, पण त्यांची गाडी फोटोत पाहिली तर सांगाडाच दिसतो. त्या काळात कुठली इंजिनं वापरायचे? कुठेतरी जावाचं नाव वाचलं. ती आपली जावाच का? मी पुण्यात येझदी चालवत मोठा झालो, त्यामुळे उत्सुकता आहे.

---

गॉर्टनवासी

@किकर, हो, तीच जावा, फक्त घराण्याची दुसरी शाखा. युद्धाआधीपासून साठच्या दशकापर्यंत स्पीडवेवर राज्य होतं ते लंडनच्या जॅप इंजिनाचं. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव नावाच्या गावी एसो ही छोटी कंपनी शर्यतीच्या गाड्या बनवायची. १९६४ मध्ये ती जावात विलीन झाली आणि एसोचं फोर-स्ट्रोक इंजिन पुढे जावाच्या नावाने विकलं जाऊ लागलं. साठीच्या उत्तरार्धात आणि सत्तरीच्या सुरुवातीला जगज्जेते बहुतेक त्याच्यावरच. मॉगरने लागोपाठ तीनदा जिंकल्यावर दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊन दिला होता, तीही जावाच.

मग १९७५ च्या सुमारास मोठी उलथापालथ झाली. जावाच्या इंजिनाला दोन व्हॉल्व्ह असायचे. ऑस्ट्रेलियाच्या नील स्ट्रीटने त्यावर चार व्हॉल्व्हचं हेड बसवलं. वर ज्या फिल क्रंपचा उल्लेख केला, तो स्ट्रीटचा जावई आणि ते इंजिन गाजवणारा पहिला मोठा स्वार. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या राय गावच्या वेस्लेक कंपनीनेही चार व्हॉल्व्हचं संपूर्ण नवं इंजिन काढलं. कॉलिन्स १९७६ मध्ये जिंकला तो वेस्लेकवर. दोन वर्षांत जुनी दोन व्हॉल्व्हची इंजिनं मोठ्या स्पर्धांतून मागे पडली.

@रनआउट, तुमचा मुद्दा वजनदार आहे, त्याला नीट उत्तर देतो. जरा वेळ द्या.

---

किकर

धन्यवाद! चार व्हॉल्व्हने काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही कळेल. सिलिंडरच्या माथ्यावर जागा मोजकीच असते. दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान बसवले तर हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला एकूण वाट जास्त मिळते. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरलं तरी स्प्रिंगला झेपतं. वरच्या फेऱ्यांत, म्हणजे आरपीएमला, ताकद वाढते. पण मला वाटतं तिथेच स्वाराची परीक्षाही वाढली असेल. ताकद वर सरकली की खालून मिळणारी मऊ ओढ कमी होते आणि गुळगुळीत मातीवर चाक फिरकी घेत राहतं. अशा इंजिनाला पकड असलेली बाहेरची माती जास्त मानवणार. कॉलिन्सच्या शैलीला वेस्लेक बरोबर जुळलं असणार.

आपल्या जावाबद्दलही एक ओळ. म्हैसूरची आयडियल जावा मुंबईच्या इराणी मंडळींनी उभी केली, १९६१ मध्ये गाड्या निघू लागल्या आणि १९७३ पासून येझदी हे नाव आलं. ती टू-स्ट्रोक २५० सीसी. स्पीडवेच्या इंजिनाशी तिचं नात्यापुरतंच नातं, पण टाकीवरचं नाव तेच, याचा आनंद झाला.

---

ओडरकाठ

मी व्रोत्सवाफला राहते. धागा पाहून लगेच लॉग इन केलं! इथे स्पीडवे म्हणजे फुटबॉलच्या बरोबरीचा खेळ. सामन्याच्या दिवशी ट्रॅममध्ये पिवळ्या-लाल स्कार्फांची गर्दी असते. तुम्ही लिहिलेला १९७७ चा सांघिक विश्वचषक इथल्याच ऑलिम्पिक स्टेडियमवर झाला. १९८० मध्येही इंग्लंड पुन्हा इथेच जिंकलं आणि कॉलिन्स तेव्हाही संघात होता. १९९२ मध्ये गॅरी हॅवलॉक याच स्टेडियमवर विश्वविजेता झाला. इंग्लंडच्या स्पीडवेला हे गाव लाभलेलं आहे असंच म्हणायचं.

आणि आमच्या पिढीचा इंग्लिश स्वार म्हणाल तर टाय वॉफिंडन. जन्म स्कन्थॉर्पचा, लहानपणीच कुटुंब ऑस्ट्रेलियात पर्थला गेलं. वडील स्वतः स्वार होते, २०१० मध्ये कर्करोगाने गेले. त्याच वर्षी टायचा ग्रां प्रीचा, म्हणजे आताच्या जगज्जेतेपदाच्या मालिकेचा, पहिला पूर्ण हंगाम होता आणि तो यादीत तळाशी राहिला. तीन वर्षांनी परतला तो थेट विश्वविजेता होऊन, २३ व्या वर्षी. मग २०१५, मग २०१८. इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याही स्वाराने तीन जिंकलेली नाहीत. आमच्या स्पार्टा संघाकडून तो इतकी वर्षं खेळला की इथल्या मुलांना तो परका वाटत नाही.

गॉर्टनवासी, कॉलिन्सच्या भावांबद्दल लिहा ना! इथले वयस्कर लोक 'ते कॉलिन्स बंधू' असं म्हणतात, मला नीट माहिती नाही.

---

गॉर्टनवासी

@ओडरकाठ, ट्रॅममधले स्कार्फ वाचून हेवा वाटला. इथे आता इतकी गर्दी होत नाही.

पाच भाऊ: पीटर, लेस, फिल, नील, स्टीफन. पाचही जण स्पीडवे स्वार. लेसने तर १९८२ ची अंतिम स्पर्धा गाजवली. ती लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झाली, अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला आणि लेस दुसरा आला. म्हणजे एकाच घरात जगातला पहिला आणि जगातला दुसरा. फिल बरीच वर्षं क्रॅडली हीथ संघाचा लाडका होता. त्याच १९८२ मध्ये बेल व्ह्यूने लीग जिंकली, १९७२ नंतर प्रथमच, आणि ती क्रॅडलीला अगदी थोडक्यात मागे टाकून. पीटर इकडे, फिल तिकडे. त्या घरात त्या हंगामात जेवणाच्या टेबलावर काय चाललं असेल, विचार करा.

आता @रनआउट यांना उत्तर.

मॉगर थोर होता यात शंका नाही. त्याची तयारी शिस्तीची होती, गाड्या चकचकीत, सुटण्याची वेळ अचूक, डोकं थंड. अंतिम स्पर्धेच्या एका संध्याकाळसाठी तो सगळं वर्ष आखायचा. ते कौशल्यच आहे आणि सहा विजेतेपदं त्याचीच कमाई. पण नेमकं हेच माझं म्हणणं आहे. वैयक्तिक स्पर्धेचा तो साचा एका प्रकारच्या गुणाला मोजतो. पाच शर्यती असताना मागे पडून पुढे यायला वावच कमी. एकदा साखळी तुटली, एकदा सुरुवातीला धक्का बसला, की वर्ष गेलं.

मोजमाप जरा बदलून बघा. सांघिक विश्वचषक: १९७३, ७४, ७५, ७७, ८०. पाच वेळा. मधल्या १९७६ मध्ये इंग्लंडला पात्रता फेरीतच ऑस्ट्रेलियाने बाहेर काढलं आणि पुढे तोच संघ विजेता ठरला. जोडी स्पर्धा: १९७७ मध्ये सिमन्सबरोबर, १९८० मध्ये डेव्ह जेसपबरोबर, १९८३ मध्ये केनी कार्टरबरोबर, १९८४ मध्ये ख्रिस मॉर्टनबरोबर. चार वेळा, चार वेगवेगळे साथीदार. जोडीत स्वतः पहिलं येऊन भागत नाही. सोबत्याला आत जागा करून द्यायची, त्याच्या मागे येणाऱ्याला बाहेर अडवायचं, मागे वळून बघायचं, ते सगळं ब्रेक नसलेल्या गाडीवर. कार्टर आणि मॉर्टन यांच्या शैली एकमेकांपासून कितीतरी लांब, तरी लागोपाठच्या वर्षांत दोघांबरोबर हा जिंकला. बाहेरची लाइन ज्याला सोपी, त्याच्या साथीदाराला आतली लाइन आपोआप मोकळी मिळते. लोकांना आवडणं आणि संघाला उपयोगी पडणं या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच गुणातून येतात, म्हणून मी त्या वेगळ्या काढत नाही.

---

रनआउट

जोडीचा मुद्दा मान्य. चार वेगवेगळ्या साथीदारांबरोबर, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते खरंच वजनदार आहे.

पण एका संध्याकाळच्या स्पर्धेला तुम्ही जरा जास्तच दोष देताय. तिथे दडपण सगळ्यांना सारखंच. आता मालिका असते ना? मग आता तरी न्याय होतो का?

---

तिसरंवळण

इथे मी थोडी भर घालतो. बरीच वर्षं लंडनजवळ राहिलो, स्पीडवे जवळून पाहिला.

१९९५ पासून एका संध्याकाळचा फैसला बंद झाला आणि ग्रां प्रीची मालिका आली. हंगामभरात वेगवेगळ्या देशांत सामने, सगळ्यांचे गुण धरून विजेता. तिची पहिली मोठी गंमत इंग्लंडच्याच मार्क लोरमने दाखवली. २००० साली तो विश्वविजेता झाला आणि त्या हंगामात त्याने एकही ग्रां प्री जिंकली नव्हती! प्रत्येक ठिकाणी वरच्या जागा, सातत्य, आणि शेवटी एकूण बेरजेत सगळ्यांच्या पुढे. काहींनी तेव्हा नाकं मुरडली. मला ते मुळीच पटलं नाही. लोरम हाही मागून येणारा, बाहेरून येणारा स्वार. सुरुवात फसली तरी चार फेऱ्यांत दोघांना गाठणारा. जुन्या पद्धतीत अशा माणसाला जगज्जेतेपद मिळणं अवघड होतं, मालिकेत ते मिळालं.

तेव्हा रनआउट यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: मालिका असती तर १९७३ ते १९७७ या पाच वर्षांत कॉलिन्स एकापेक्षा जास्त वेळा जिंकला असता, असं मला मनापासून वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पण लीगमध्ये आठवड्यामागून आठवडा जो गुण मिळवत होता, तो दहा-बारा सामन्यांच्या बेरजेत मागे राहिला नसता.

संदर्भासाठी इंग्लंडचे विश्वविजेते: टॉमी प्राइस १९४९, पीटर क्रेव्हन १९५५ आणि १९६२, पीटर कॉलिन्स १९७६, मायकल ली १९८०, गॅरी हॅवलॉक १९९२, मार्क लोरम २०००, टाय वॉफिंडन २०१३, २०१५, २०१८. फ्रेडी विल्यम्सही दोनदा जिंकला, पण तो वेल्सचा.

गॉर्टनवासी, क्रेव्हनवर लिहिणार म्हणालात. वाट बघतोय.

---

गॉर्टनवासी

लिहितो. खरं तर कॉलिन्सला समजून घ्यायचं तर क्रेव्हनला वगळता येत नाही.

पीटर क्रेव्हन लिव्हरपूलचा, जन्म १९३४. अंगाने लहानखुरा. स्पीडवेची गाडी ओढून वळणात घालायला खांद्यात ताकद लागते अशी तेव्हा समजूत होती आणि मोठे स्वार बहुतेक आडव्या बांध्याचे. क्रेव्हनकडे ते नव्हतं. त्याने गाडीशी झगडणं सोडूनच दिलं. शरीराचं वजन कधी मागच्या चाकावर, कधी आतल्या बाजूला असं सरकवत तो गाडी वळवायचा. त्याचे फोटो बघा, इतरांच्या तुलनेत तो गाडीच्या वर तरंगल्यासारखा दिसतो. इथे त्याला 'तोलाचा जादूगार' म्हणायचे.

१९५२ पासून तो बेल व्ह्यूला. १९५५ मध्ये वेम्ब्लीला विश्वविजेता झाला तेव्हा वय २१. १९५७ मध्ये तिसरा. १९६० ची गोष्ट तर सांगायलाच हवी: पाच शर्यतींनंतर तो, स्वीडनचा ओवे फुंडिन आणि न्यूझीलंडचा रॉनी मूर, तिघांचे १४-१४ गुण. तिघांची वेगळी शर्यत लावली. फुंडिन पहिला, मूर दुसरा, क्रेव्हन तिसरा. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच वेम्ब्लीवर बॅरी ब्रिग्ज आणि फुंडिन या दोघांना मागे टाकून तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला. त्या काळात मूर, ब्रिग्ज आणि फुंडिन यांनी विजेतेपद जणू आपसात वाटून घेतलं होतं. १९५४ ते १९६४ या अकरा वर्षांत त्या तिघांच्या बाहेरचा विजेता एकच, हा लहानखुरा इंग्लिश स्वार.

२० सप्टेंबर १९६३ ला बेल व्ह्यूचा संघ एडिंबरोला ओल्ड मेडोबँक स्टेडियमवर गेला होता. लीगचा सामना नव्हता, मैत्रीपूर्ण लढत. एका शर्यतीत त्याच्या पुढे जॉर्ज हंटर पडला. क्रेव्हन त्याच्या अगदी मागे. ब्रेक नाहीत हे वर लिहिलंच आहे. त्याने गाडी बाहेर काढली आणि तो कठड्यावर आदळला. हंटर वाचला. क्रेव्हन चार दिवसांनी गेला. वय २९.

मी त्या क्षणाबद्दल बरंच ऐकलंय आणि प्रत्येक वेळी तेच मनात येतं: त्याला विचार करायला वेळ नव्हताच. समोर माणूस पडलेला दिसला की गाडी वळवायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. स्पीडवेच्या स्वारांत याला शौर्य म्हणत नाहीत, कारण ते प्रत्येकाकडून अपेक्षित आहे. मला मात्र ते शौर्यच वाटतं. त्याच्या नावाची स्मृती स्पर्धा बेल व्ह्यूने पुढे चालवली.

कॉलिन्स तेव्हा नऊ वर्षांचा होता. क्रेव्हननंतर या संघाला आणि या देशाला दुसरा विश्वविजेता मिळायला तेरा वर्षं लागली.

---

ओडरकाठ

क्रेव्हनबद्दल वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटेना.

कठड्यांबद्दल मात्र सांगते. आता ग्रां प्रीच्या ट्रॅकवर वळणांवर हवा भरलेले फुगीर कठडे सक्तीचे आहेत, आमच्याकडे लीगच्या सामन्यांतही असतात. स्वार आदळला की तो मागे ढकलला जातो, लाकडासारखा धक्का बसत नाही. तरी दुखापती होतातच. वॉफिंडनचा २०२५ च्या मार्चमधला अपघात, क्रोस्नोला सराव सामन्यात झालेला, इतका भीषण होता की त्याला काही दिवस कृत्रिम बेशुद्धीत ठेवावं लागलं. इथे लोक फुलं आणि स्कार्फ घेऊन जमले होते. कठड्याशी खेळणारी बाहेरची लाइन आपण कौतुकाने बघतो, तेव्हा ही बाजूही लक्षात असावी असं वाटतं.

---

किकर

ओडरकाठ, अगदी बरोबर बोललात.

गॉर्टनवासी, एक विनंती. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला मँचेस्टरला येतेय, तिला सोडायला मीही येणार आहे. हाइड रोड बघायला मिळेल का? आणि सामना बघायचा तर काय करावं?

---

गॉर्टनवासी

@किकर, जरूर या, दोघंही या.

हाइड रोड मात्र राहिलेलं नाही. १९८७ मध्ये ते विकलं गेलं आणि त्या हंगामाअखेर शेवटचा सामना झाला. त्या जागी गाड्यांचा लिलाव चालतो. बेल व्ह्यूचा संघ शेजारच्या कर्कमनशुल्म लेनवरच्या ग्रेहाउंड स्टेडियमवर गेला आणि २०१६ पासून जवळच खास स्पीडवेसाठी बांधलेल्या नव्या स्टेडियमवर आहे. ट्रॅक हाइड रोडपेक्षा लहान, पण रुंद आहे आणि बाहेरून ओव्हरटेक होतात, त्यामुळे कॉलिन्सचा वारसा जागेसकट गेला असं वाटत नाही. सप्टेंबर म्हणजे हंगामाचा शेवट, त्यामुळे सामन्याची तारीख क्लबकडे आधी बघून तिकीट काढा. पावसाने सामना रद्द होऊ शकतो, मधे एखादा दिवस मोकळा ठेवा.

पहिल्यांदा बघताना पहिल्या-दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा. चष्मा घाला, शेलचे खडे उडतात. मिथेनॉल आणि गरम तेलाचा वास तुम्हाला आवडेल याची मला खात्री आहे. सामना संपल्यावर पुष्कळदा स्वारांच्या गाड्या जवळून बघता येतात, मेकॅनिक मंडळी मोकळेपणी बोलतात. तुम्ही व्हॉल्व्हबद्दल एक प्रश्न विचारलात तर अर्धा तास सहज जाईल. आणि दारात छापील कार्यक्रमपत्रिका घ्या. तिच्यात प्रत्येक शर्यतीचे गुण भरायला चौकटी असतात, इथे आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे त्या भरत बसतात. पेन बरोबर आणा.

---

रनआउट

पुढच्या धाग्यात मॉगर घ्या, त्याची बाजू मी लढवेन. तोवर १९७७ च्या गोथेनबर्गचं चित्रीकरण कुणाला सापडलं तर दुवा द्या. मोडक्या पायाने पाच शर्यती कशा केल्या ते बघायचंय.